चौघांचे अर्धे कप

डॉक्टोरा मिग्दालिया रेन्तास यांना चौथ्या मजल्यावर एक खोली दिलेली आहे. दारावर पितळी पाटी: वैद्यकीय प्रमुख. आत एसी, समुद्र दिसणारी खिडकी आणि पाहुण्यांसाठी चामड्याचा सोफा. त्या सोफ्यावर कुणी बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही, कारण पाहुणे चौथ्या मजल्यावर पोचतात तेव्हा डॉक्टोरा तळमजल्यावर असतात. माझ्या खोलीत.

माझी, म्हणजे यारीची; करमणुकीची खोली. आमचं इस्पितळ माजी सैनिकांचं, टेकडीवरचं. माझ्या खोलीत बेसबॉलखेरीज काही न दाखवणारा टीव्ही आहे, चारच तारा उरलेली गिटार आहे आणि खिडकीशी डॉमिनोचं टेबल आहे. कॉफी मी करते, कापडी गाळणीतून. डॉक्टोरा सकाळी कागदांचा गठ्ठा काखेत मारून येतात, डॉमिनोच्या टेबलाचा एक कोपरा बळकावतात आणि तिथेच सह्या करत बसतात.

"डॉक्टोरा, वर तुमची वाट बघतायत."

"कोण?"

"सान हुआनच्या मुख्य कचेरीतून आलेत ते. टायवाले."

"खाली पाठव. आणि त्यांच्यापुढे पेरूची खारी ठेव. तोंडात खारी असली की माणूस बेताचं बोलतो."

डॉक्टोरांचं वय पंचावन्नच्या आसपास, उंची बेताची, पायांत रबरी सपाता. गाडीला उजवीकडून मोठा पोचा आहे आणि तो पोचा इस्पितळाच्याच खांबाने केलेला आहे, असं त्या सांगतात. खांब मधे आला, म्हणे.

त्यांचं काम काय, हे मला सुरुवातीला कळायचं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरांना नाही म्हणायचं. बाकी सगळे रुग्णांना नाही म्हणतात, मी डॉक्टरांना." कोणत्या डॉक्टरने काय करायचं, काय करायचं नाही, कोण थकलाय, कोण माजलाय, हे सगळं त्यांच्याकडे. हाडांच्या एका डॉक्टरने रागाच्या भरात नर्सच्या अंगावर ट्रे भिरकावला होता. डॉक्टोरांनी त्याला आठवडाभर त्याच नर्सच्या हाताखाली ड्रेसिंगला लावलं. आता तो ट्रे दोन्ही हातांनी धरतो, वर "प्लीज" म्हणतो.

डॉक्टोरांनी गणवेश कधी घातला नाही. त्यांचे वडील सैन्यात होते, साधे कॉर्पोरल. त्यामुळे पहिल्या दिवशी डॉन एफ्राइन कोत्तोंनी त्यांना टेबलाशीच अडवलं. डॉन एफ्राइन म्हणजे जुने सार्जंट, व्हिएतनामचे. आवाज असा की वॉर्डातल्या सलाईनच्या बाटल्या हलतात.

"तुमचा हुद्दा काय?"

"डॉक्टर."

"तो धंदा झाला. हुद्दा?"

"हुद्दा नाही मला."

"मग आम्ही सलाम कुणाला ठोकायचा? खुर्चीला?"

तिथल्या तिथे मतदान झालं आणि डॉक्टोरांना 'कोरोनेला' केलं. कर्नलबाई. जनरल का नाही, असं मी विचारलं, तर डॉन एफ्राइन म्हणाले, "जनरल कधी दिसतात का पोरी? या रोज दिसतात."

डॉक्टोरा तळमजल्यावर का बसतात, याचं त्यांनी सांगितलेलं कारण म्हणजे उजेड. खरं कारण मला वर्षभराने कळलं. आमचे म्हातारे दुखणं सांगत नाहीत. सैन्यात जो "दुखतंय" म्हणाला तो कामचुकार ठरला, ही शिकवण हाडांत मुरलेली. नर्स विचारते, "दहापैकी किती दुखतंय?" उत्तर ठरलेलं: "दोन." खुबा मोडून आलेला माणूस, दोन. मूतखड्याने कपाळावर घाम फुटलेला माणूस, दोन. इस्पितळाच्या सगळ्या कागदांवर दोनच दोन.

पण डॉमिनो खोटं बोलत नाही. आमच्याकडे सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात. चांगली आपटली तर टेबलावरच्या बाकीच्या सोंगट्या दचकायला हव्यात. डॉक्टोरा सह्या करता करता ते आपटणं ऐकत असतात. एकदा डॉन चेओ मातियास यांनी पाचाची जोडी ठेवली. आपटली नाही, ठेवली. डॉक्टोरांचं पेन थांबलं.

"डॉन चेओ, छातीत काय होतंय?"

"काही नाही."

"दहापैकी?"

"दोन."

"उठा. ईसीजी."

"अहो, माझ्या हातात जिंकणारी सोंगटी आहे!"

"ती घेऊन चला."

हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्या होत्या. डॉन चेओंनी ती सोंगटी भूल देईपर्यंत मुठीतून सोडली नाही. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न हाच, की तो डाव धरला का.

त्यांना वाचवणारे सर्जन म्हणजे टेबलावरचे तिसरे गडी, डॉक्टर आन्सेल्मो क्विन्योनेस. हृदयवाला तज्ज्ञ पोन्सेहून निघून पोचेपर्यंत डॉक्टर आन्सेल्मोंनीच त्यांना धरून ठेवलं. एकेकाळी हेही सैनिक, लढाईत जखमा बांधणारे. परत येऊन शिकले, सर्जन झाले आणि त्यानंतर इथून हलले नाहीत. वादळाच्या वर्षी जनरेटर बंद पडला तेव्हा चार जणांनी धरलेल्या विजेऱ्यांच्या उजेडात यांनी फुटलेलं आतडं शिवलं. या जिल्ह्यात त्यांच्या हातचा टाका पोटावर नसलेला माजी सैनिक शोधावा लागेल. डॉक्टोरांच्या वडिलांच्या पोटावर होता. आणि डॉक्टोरांना सुई कशी धरायची ते त्यांनीच शिकवलेलं, डुकराच्या पायावर, याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात.

डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. निरोपाला भाजायचं डुक्कर कुणाच्या मळ्यातून आणायचं, यावरून ऑगस्टपासूनच भांडणं चालू होती.

चौथे गडी डॉन तीते. कोरियात तोफेशी होते, तेव्हापासून ठार बहिरे. ते खेळतात उत्तम, कारण कुणाचंच ऐकत नाहीत.

जोड्या ठरलेल्या. डॉक्टर आन्सेल्मो आणि डॉन एफ्राइन एकीकडे, डॉन चेओ आणि डॉन तीते दुसरीकडे.

तर त्याच सुमारास डॉन एफ्राइननी सुतारकामाच्या खोलीत चार लाकडी पट्ट्या केल्या. मधे खाच, खाचेत सोंगट्या उभ्या राहतात, हातात धरायला नकोत.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"बोटं म्हातारी झाली आमची. तुझी होतील तेव्हा तुलाही करून देईन."

मग कॉफी. "यारी, मला अर्धाच कप भर," डॉन एफ्राइन म्हणाले. "साखर वाढलीय." दुसऱ्या दिवशी डॉन चेओ, "मलाही अर्धाच." डॉन तीतेंनी तर नुसता हात आडवा धरून कपाच्या मध्यावर रेघ दाखवली. डॉक्टर आन्सेल्मो म्हणाले, "मग मलाही. मी काय वेगळा?"

आणि मग आपटणं बंद झालं. चौघेही सोंगट्या हळूच सरकवायला लागले, जशी दुसऱ्याच्या घरी बशी सरकवतात.

"हे कशासाठी?"

"तीतेच्या कानांना त्रास होतो," डॉन चेओ म्हणाले.

मी डॉन तीतेंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहून गोड हसून मान हलवली. मीही हसले. मला वाटलं, म्हातारपणाची लहर असेल. डॉक्टोरा तेव्हा दोन आठवडे सान हुआनला बैठकांना गेल्या होत्या.

परत आल्या त्या सकाळी त्यांनी गठ्ठा टेबलावर टाकला, खुर्ची ओढली आणि मान वर करून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही," डॉन एफ्राइन म्हणाले. "का?"

"चर्चमधे बसल्यासारखं वाटतंय."

"आम्ही सभ्य झालोय, कोरोनेला."

डॉक्टोरांनी पेन उघडलं. पण मला समोरून दिसत होतं, त्या एकाही कागदावर सही करत नव्हत्या. त्या आधी चार पट्ट्या पाहत होत्या, मग चार कप, मग आठ हात. डाव संपला, डॉक्टर आन्सेल्मो वॉर्डात राउंडला गेले, बाकीचे जेवायला गेले. डॉक्टोरा माझ्याकडे बेसिनशी आल्या.

"अर्धा कप पहिल्यांदा कुणी मागितला?"

"डॉन एफ्राइननी."

"त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही. डॉक्टर आन्सेल्मोंच्या हातून कप सांडला. सोंगट्यांवर. आम्ही पुसल्या."

डॉक्टोरा गिटारीच्या शेजारच्या मोडक्या खुर्चीत बसल्या.

"माझे वडील सांगायचे," त्या म्हणाल्या, "रांगेत एकाचा पाय मुरगळला की सार्जंट अख्खी रांग हळू चालवायचा. लांबून बघणाऱ्याला कळू नये, लंगडतंय कोण." मग म्हणाल्या, "एफ्राइन सार्जंट होता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ गुरुवार आठवला. डॉन एफ्राइनच्या आतड्यात गाठ निघाली होती. जुन्या जखमेच्या जागी, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून. गुरुवारी ऑपरेशन होतं आणि करणार होते डॉक्टर आन्सेल्मो.

डॉक्टोरांनी तिथूनच फोन लावला. पलीकडे डॉक्टर इवेलिसे पादीन, धाकट्या सर्जन. डॉक्टर आन्सेल्मोंच्या हाताखाली काम करतात. पस्तिशीच्या आहेत, पण म्हातारे त्यांना 'पोरगी' म्हणतात.

"इवेलिसे, या दोन महिन्यांत त्यांच्या ऑपरेशनांत टाके कुणी घातले?"

डॉक्टोरांनी स्पीकर लावला.

"इवेलिसे."

"मी. ते म्हणायचे, शिकून घे."

"आणि टाक्यांच्या आधीचं?"

"बरंचसं मीच."

"मला का नाही सांगितलंस?"

आता मात्र पलीकडचा आवाज चढला. "त्यांनी मला घडवलंय, डॉक्टोरा. तुम्ही सांगितलं असतंत?"

डॉक्टोरांनी फोन ठेवला. दर दोन वर्षांनी प्रत्येक सर्जनला पुन्हा परवानगी द्यायची, तर सही त्यांचीच. "त्यांच्या कागदावर मी उभ्याउभ्या सही केली गं," त्या मला म्हणाल्या. "वाचायचं काय त्यात, म्हटलं. सूर्य उगवतो का, असं कुणी विचारतं का?"

वरून कुणीतरी सुचवलं, की ऑपरेशन बंद, असं डॉक्टर आन्सेल्मोंना ईमेलने कळवा, नियमात बसतं. डॉक्टोरा त्याच्यावर असल्या उखडल्या की मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आधी त्या डॉन एफ्राइनकडे गेल्या. मी कॉफीची गाडी घेऊन मागे होतेच.

"डॉन एफ्राइन, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"हात."

"माझे ठीक आहेत." त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. "बघा. नांगर धरतील."

"कुणाचे ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. गुरुवारी पादीन करेल. चांगली आहे ती, मी सांगते."

"पोरगी?" ते उठून बसले. "त्या माणसाने माझं पोट दोनदा उघडलं आणि दोनदा शिवलं, कोरोनेला. आत कुठे काय ठेवलंय हे त्यालाच माहीत. आणि हे त्याचं शेवटचं मोठं ऑपरेशन. मी नाही दिलं तर कोण देणार?"

"काय देणार?"

"निरोप."

"स्वतःचं पोट देऊन?"

"घड्याळ आहे का माझ्याकडे द्यायला?"

डॉक्टोरांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी ते दोन्ही आवरलं. "तुम्ही मेलात तर त्यांना काय वाटेल, याचा विचार केलात?"

"मेल्यावर विचार करायचा नसतो, हा एक फायदा आहे." मग आवाज उतरला. "तो स्वतः म्हणाला तरच. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकणार नाही. हुकूम देऊ नका, कोरोनेला. मी मोडेन आणि मला वाईट वाटेल."

दुपारी जेवणानंतर खोली रिकामी असते. डॉक्टर आन्सेल्मो त्या वेळी पेपर वाचायला येतात. आले. डॉक्टोरा समोर बसल्या. मी सटकायला निघाले, तर म्हणाल्या, "यारी, आधी दोन कॉफी."

मी सवयीने अर्धे भरायला लागले.

"एक पूर्ण भर. काठोकाठ."

तो कप त्यांनी स्वतः नेला. एक थेंब न सांडता नेला आणि डॉक्टर आन्सेल्मोंच्या पुढ्यात ठेवला. मी दाराशीच अडकले.

डॉक्टर आन्सेल्मोंनी कपाकडे पाहिलं. पेपरची घडी घातली, मांडीवर ठेवली, हात पेपरखाली गेले.

"गार होईल," डॉक्टोरा म्हणाल्या.

"मला गारच आवडते."

"कधीपासून?"

"वयोमानाने."

"डॉक्टर, दहापैकी किती?"

ते हसले. या माणसाने शेकडो जणांच्या तोंडून ते उत्तर ऐकलेलं. "दोन," ते म्हणाले.

डॉक्टोरा हसल्या नाहीत. "गुरुवारी तुम्ही ऑपरेशन करायचं नाही. यापुढेही नाही. हे मी विचारत नाहीये."

"मिग्दा." आवाज अगदी मऊ होता, म्हणून जास्त भीती वाटली. "ही सुई तुझ्या हातात कुणी दिली?"

"तुम्ही."

"तुझे वडील या इथे रक्त ओकत होते तेव्हा तू कुठे होतीस?"

"तुमच्या मागे. तुमचा कोट धरून."

"आणि त्या चौथ्या मजल्यावरच्या खुर्चीसाठी तुझं नाव कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. ही खुर्ची ज्याला नको आहे त्यालाच द्या, असं म्हणाला होतात."

"मग ही परतफेड?"

"हो," डॉक्टोरा म्हणाल्या. "गुरुवारी एफ्राइन तुमच्या हातून गेला तर तुम्ही जे काही केलंत ते सगळं त्याच्याबरोबर जाईल. लोकांसाठी नाही, तुमच्यासाठी. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही जेवायचं सोडाल."

ते उठले. पेपर खाली पडला, तो उचलायला वाकले नाहीत. दाराशी माझ्या शेजारून गेले तेव्हा उजवा हात डाव्याने धरलेला होता, जसं रस्ता ओलांडताना लहान पोराला धरतात.

डॉक्टोरांनी तो भरलेला कप पुढे ओढला आणि सगळा प्यायल्या. गार झालेला.

त्यानंतर संप झाला. डॉक्टर आन्सेल्मो इस्पितळात फिरकले नाहीत, फोन उचलेनात. डॉन चेओ टेबलाशी येऊन पाठ फिरवून बसायला लागले.

"डॉन चेओ, खेळत नाही?" डॉक्टोरा विचारायच्या.

"तीन जणांत खेळ होत नाही."

"मी बसते ना चौथी."

"तुमच्या हातात पेन आहे. पेनवाल्यांबरोबर आम्ही खेळत नाही."

डॉक्टोरा कोपऱ्यावर बसून सह्या करायच्या. चौथ्या मजल्यावर मात्र गेल्या नाहीत; मला वाटलं होतं आता जातील. वर वॉर्डात डॉन एफ्राइननी डॉक्टर पादीनला बजावलं होतं, "पोरी, तुझा राग नाही. पण माझ्या पोटावर तुझं नाव नाही." गाठ वाढत होती, अन्न उतरत नव्हतं, चेहरा पिठासारखा झाला होता. दहापैकी? दोन.

बुधवारी दुपारी डॉन एफ्राइन सलाईनचा खांब ढकलत खाली आले. "वर मरायला कंटाळा येतो," म्हणाले. त्यांना बघून डॉन चेओंनी तोंड टेबलाकडे फिरवलं आणि सोंगट्या काढल्या. चौथी खुर्ची रिकामीच. डॉन तीते सोंगट्या पालथ्या करून पिसत बसले होते, गोल गोल, थांबेचनात.

आणि दारातून डॉक्टर आन्सेल्मो आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. डॉक्टोरांकडे न बघता येऊन बसले. सात सोंगट्या उचलल्या. समोरची लाकडी पट्टी घेतली आणि ती टेबलाखाली टाकून दिली.

हातात धरलेल्या सोंगट्या वाजायला लागल्या. एकमेकींवर, कट कट कट कट. मग एक पडली, मग दुसरी, उलटी पडली, ठिपके सगळ्यांना दिसले.

लगेच डॉन चेओंनी कोपराने आपली पट्टी पाडली. "अरेच्चा, माझ्याही पडल्या."

डॉन एफ्राइननीही आपल्या पाडल्या. डॉन तीतेंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आपल्याही ढकलून दिल्या.

"बस करा!" डॉक्टर आन्सेल्मो ओरडले. "बस झालं नाटक, गाढवांनो. आंधळा नाहीये मी. अर्धे कप! तीतेचे कान!" ते धापा टाकत होते. मग मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. "मिग्दा. तू विचारलं होतंस. आठ. कधी कधी नऊ."

या खोलीत दोनच्या वरचा आकडा मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टोरांनी पेनचं टोपण लावलं.

"थँक यू, डॉक्टर," त्या म्हणाल्या. एवढंच.

"एफ्राइन," डॉक्टर आन्सेल्मो म्हणाले, "उद्या तुझं पोट पादीन उघडेल."

"मी म्हणालो होतो—"

"तू काय म्हणाला होतास ते मला कळलंय. मीच सांगायला आलोय. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि ते तिला आजवर मी सांगितलेलं नाही, हे माझंच चुकलं. दोन महिने तीच करतेय सगळं. मी उद्या तुझ्या डोक्याशी उभा राहीन. हात खिशात घालून."

"आणि तिचं काही चुकलं तर?"

"तर मी ओरडेन. ओरडायला हात लागत नाहीत."

डॉन एफ्राइननी खांबाला धरून मान वळवली. "कोरोनेला, परवानगी आहे?"

"कशाची? ओरडायची?"

"हो."

"हळू आवाजात."

"मग ठीक," डॉन एफ्राइन म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकून बसले. काही वेळाने तसेच, डोकं खालीच ठेवून म्हणाले, "माझंही आठ आहे. पोटाचं. आधीपासून."

"माझा गुडघा सहा," डॉन चेओ घाईने म्हणाले, जणू दुकान बंद होतंय. "सात लिहा."

डॉन तीते इतका वेळ सगळ्यांच्या ओठांकडे बघत होते. "मी जिंकलो का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

मी कॉफी केली. कप घेऊन आले तर डॉक्टर आन्सेल्मो म्हणाले, "हे काय अर्धं? भर." मी काठापर्यंत भरला. त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. निम्मी कॉफी सोंगट्यांवर सांडली, उरलेली प्यायले. कुणी फडकं आणायला उठलं नाही.

गुरुवारी ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. आतलं मला डॉक्टर पादीननी नंतर सांगितलं. डॉक्टर आन्सेल्मो खरंच खिशात हात घालून उभे होते. मोठी रक्तवाहिनी आली तेव्हा पादीनचा हात थांबला. ते कानाशी येऊन म्हणाले, "डावीकडून जा. मी नेहमी उजवीकडून जायचो, ते चुकीचं होतं." संपूर्ण ऑपरेशनात ओरडले एकदाच, कुणीतरी रेडिओ लावला म्हणून.

बाहेर, पॅसेजमधे डॉक्टोरा भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी खारी घेऊन गेले, ती त्यांनी हातातच धरून ठेवली. शेवटी दार उघडलं आणि आधी डॉक्टर आन्सेल्मो बाहेर आले. हात अजून खिशातच. डॉक्टोरांसमोर उभे राहिले. त्यांनी उजवा हात बाहेर काढला, तो थरथरत होता, आणि थरथरत्या हातानेच त्यांनी कपाळाशी सलाम ठोकला. गणवेश कधीच न घातलेल्या डॉक्टोरांना सलामाला काय उत्तर द्यायचं ते कळेना. त्यांनी खारी पुढे केली.

"अर्धी," डॉक्टर आन्सेल्मो म्हणाले.

"पूर्ण घ्या."

डिसेंबरातलं डुक्कर डॉन चेओंच्या भाच्याच्या मळ्यातून आलं, आणि जरा करपलंच. डॉक्टर आन्सेल्मो निवृत्त झाले आणि जानेवारीत परत आले. आता शिकाऊ पोरांना स्वयंपाकघरात डुकराच्या पायावर टाके शिकवतात, तोंडाने. पोरं म्हणतात, पूर्वी ते इतके ओरडायचे नाहीत.

डॉन एफ्राइनना बरं व्हायला वेळ लागला. ज्या सकाळी ते पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी खाली आले, तेव्हा त्यांची खुर्ची कुणीतरी पुसूनही ठेवली होती. पट्ट्या आता नाहीत. डॉक्टर आन्सेल्मोंच्या सोंगट्या पडतात, दिसतात, सगळे न बघितल्यासारखं करतात आणि बघतात. हरायची सवय झालीय या जोडीला.

त्या दिवशी मात्र डाव त्यांच्याकडे झुकला. डॉन एफ्राइननी शेवटची सोंगटी उचलली, दोन्ही टोकांना लागणारी, आणि ती डोक्यापर्यंत नेऊन असली दाणकन आपटली, की चारही भरलेल्या कपांतली कॉफी उसळली आणि डॉन तीतेसुद्धा दचकले.

कोपऱ्यावर डॉक्टोरांनी मान वर केली नाही. पेन चालूच होतं.

"डॉन एफ्राइन," त्या म्हणाल्या, "टाके!"